गणपतीत भरलेले फॉर्म : नेरूळच्या एका सोसायटीतल्या तरुण मतदारांचं प्रकरण

पार्श्वभूमी

२० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेचं मतदान संपलं, त्या संध्याकाळी आमच्या गेटाजवळच्या बाकावर पाचसहा ज्येष्ठ मंडळी बसली होती. सगळ्यांच्या बोटाला शाई. एक आजोबा म्हणाले, "आम्ही काठी टेकत जाऊन आलो, आणि ही पोरं बारा वाजेपर्यंत अंथरुणात. यांना काही पडलेलंच नाही." कुणी हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही. पुढचं सव्वा वर्ष या एका वाक्यात खरं किती, हे शोधण्यात गेलं. ते इथे मांडते आहे, कारण आसपासच्या सोसायट्यांमध्येही हेच वाक्य दर निवडणुकीला ऐकू येतं.

आमची सोसायटी नेरूळमधली, सिडकोने बांधलेली. ६४ घरं, चार मजले, लिफ्ट नाही. मी कमिटीत सहसचिव आहे. माणसांची ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. आकडे मात्र आमच्या वहीत आहेत तसेच.

नवी मुंबईच्या बाबतीत एक गोष्ट आधी सांगायला हवी. महापालिका १ जानेवारी १९९२ रोजी स्थापन झाली आणि १९९५मध्ये पहिली निवडणूक झाली. आमच्या बाकावरचे बरेचजण त्या पहिल्या मतदानाला रांगेत होते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नगरसेवक निवडणं हा त्यांच्या आयुष्याचा भाग झाला. २०२६च्या आधीचं शेवटचं मतदान एप्रिल २०१५मध्ये झालं. २०२०ची निवडणूक कोरोनामुळे पुढे गेली, मग प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचे वाद कोर्टात अडकले, आणि मे २०२०पासून कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. २०१५च्या यादीत यायला १ जानेवारी २०१५ला अठरा पूर्ण असावी लागत होती. म्हणजे २०२६ उजाडेपर्यंत आमच्या इमारतीतल्या एकोणतिशीच्या आतल्या एकाही मुलाने किंवा मुलीने नगरसेवकासाठी कधी मत दिलेलं नव्हतं. देण्याची संधीच आलेली नव्हती. पाणी गेलं की कुणाला फोन करायचा, हे त्यांच्या आईवडिलांना पाठ होतं. त्यांच्या फोनमध्ये तो नंबर नव्हता, कारण तो माणूसच नव्हता.

अडचण

अडचण नेमकी कुठे आहे हे आम्हाला पाच महिने कळलं नाही. कळलं तेही एका मुलीमुळे, योगायोगाने.

पहिल्या मजल्यावर भाड्याने राहणारं एक कुटुंब आहे, २०२१मध्ये घाटकोपरहून आलेलं. त्यांची मुलगी चोवीस वर्षांची. २०२४च्या एप्रिलमध्ये नेरूळच्या डीपीएस तलावाचं पाणी आटलं आणि फ्लेमिंगो मेले, तेव्हा तलाव वाचवण्यासाठी मानवी साखळीत उभ्या राहिलेल्यांत ती होती. भरतीचं पाणी तलावात येण्याचे मार्ग कुठे बुजले, कोणत्या खात्याकडे कोणतं पत्र गेलं, हे ती तारखेसह सांगायची. एप्रिल २०२५मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तो तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली, त्या दिवशी ती माझ्याकडे पेढे घेऊन आली. मी सहज विचारलं, "नोव्हेंबरला मत दिलंस ना गं?" ती म्हणाली, "काकू, माझं नाव इथे कुठे आहे? ते अजून घाटकोपरला आहे."

सिडको, महापालिका, वनखातं सगळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या या मुलीचं नाव इथल्या यादीत नव्हतं. आणि 'काही पडलेलं नाही' म्हणताना आम्ही तिलाही त्यातच धरलं होतं.

मग मे महिन्यातल्या दोन रविवारी तिने, बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी आणि मी मतदार यादीचा आमचा भाग संकेतस्थळावरून उतरवून छापला आणि दारोदार फिरलो. यादीत प्रत्येकाचं वय असतं, त्यामुळे वयानुसार मोजणं सोपं. काकांनी लाल, निळी आणि हिरवी अशा तीन पेन्सिली घेतल्या होत्या.

यादीत आमच्या पत्त्यावर तिशीच्या आतली २६ नावं होती. त्यांतले ९ जण इथे राहतच नव्हते. तीन मुली लग्न होऊन गेलेल्या, दोघं पुण्यात, तिघं बंगळुरूला, एक जर्मनीत. उरले १७. दुसरीकडे, प्रत्यक्ष इथे राहणारे १८ ते २९ वयाचे ३९ जण निघाले. म्हणजे २२ जण राहतात इथे, पण आमच्या यादीत नाहीत. त्यांतल्या ९ जणांची नावं गावी किंवा आधीच्या घरच्या पत्त्यावर, आणि १३ जणांची कुठेच नाहीत. साठीपुढचे रहिवासी ४४, त्यांतले ४२ यादीत. वर वारलेल्या सहाजणांची नावंही अजून तशीच.

विधानसभेला आमच्या बूथवर मत दिलं असं या तरुणांपैकी ११ जणांनी सांगितलं. आता हे ११ कशाशी मोजायचे? यादीतल्या २६ नावांशी मोजले तर निम्म्याहून कमी. इथे राहणाऱ्या आणि यादीत असलेल्या १७ जणांशी मोजले तर जवळजवळ दोन तृतीयांश. आणि इथे राहणाऱ्या सगळ्या ३९ जणांशी मोजले तर तिसरा हिस्साही नाही. तिन्ही आकडे खरे आहेत. बाकावरचं वाक्य पहिल्या आकड्यावर उभं होतं, आणि त्या आकड्यात जर्मनीतला मुलगाही 'झोपलेला' धरला होता.

निवडणूक आयोग मतदानाचे आकडे पुरुष, स्त्रिया, तृतीयपंथी असे देतो, वयोगटानुसार देत नाही. त्यामुळे तरुणांच्या टक्केवारीबद्दल जे बोललं जातं ते बरंचसं पाहणीवर किंवा अंदाजावर असतं. म्हणून आमची ही छोटी मोजणी मला मोलाची वाटते. वयाचा फरक आमच्याकडेही होताच, तो नाकारत नाही. नावं असलेल्या १७ जणांपैकी सहा घरी बसले. ४२ ज्येष्ठांपैकी फक्त चार. पण मोठी गळती मतदानाच्या दिवशी नव्हती, ती त्याच्या कितीतरी आधी, कागदावर झालेली होती. माणूस तीस वर्षं एकाच घरात राहिला की त्याचं नाव जागेवर राहतं. विशीतला माणूस शिक्षणासाठी, नोकरीसाठी, भाड्याच्या घरासाठी सतत हलतो, आणि त्याचं नाव मागेच राहून जातं.

ज्येष्ठांच्या बाजूलाही सगळं सरळ नव्हतं. दोन आजोबांची नावं इथेही होती आणि साताऱ्याकडच्या गावीही. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं: "गावचं घर आपलंच, इथलंही आपलंच." एका वेळी एकाच ठिकाणी नाव असावं असा कायदा आहे, हे काकांनी त्यांना शांतपणे समजावलं. एकाने गावचं नाव काढलं. दुसऱ्याने नाही काढलं.

समोरचे पर्याय

मोजणी करण्याआधीच आम्ही एक पर्याय वापरून बसलो होतो. २६ जानेवारी २०२५ला झेंडावंदनानंतर 'मतदान आपलं कर्तव्य' असं भाषण ठेवलं, एक रंगीत चौकट उभी केली, फोटो काढले. भाषण मीच लिहिलं होतं. समोर होते बहुतेक लहान मुलं आणि ज्येष्ठ, म्हणजे एक गट अजून मतदार नसलेला आणि दुसरा कधीच मतदान न चुकवणारा.

मेच्या मोजणीनंतर कमिटीच्या बैठकीत आणखी तीन गोष्टी पुढे आल्या.

मत न देणाऱ्यांची नावं नोटीस बोर्डावर लावायची, ही पहिली. सुचवणारे आजोबा तळमळीने बोलत होते. त्यांना मत न देणं म्हणजे घरच्या कार्याला न जाणं वाटतं. मी विरोध केला. ज्याचं नाव घाटकोपरच्या यादीत आहे त्याला नेरूळच्या बोर्डावर कसं टांगणार? आणि मत दिलं की नाही हे विचारण्याचा अधिकार सोसायटीला कुणी दिला? दुसरी सूचना शाई दाखवणाऱ्याला मेंटेनन्समध्ये सवलत देण्याची. ती लगेच मागे पडली, कारण मेंटेनन्स घरमालक भरतो आणि आमचे निम्मे तरुण भाडेकरूंच्या घरातले.

तिसरी सूचना काकांची: फॉर्म भरायचे. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलासाठी नमुना ८. ऑगस्ट २०२२पासून अठरा पूर्ण होण्यासाठी वर्षात चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, आणि सतरा पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज करता येतो. पूर्वी एकच १ जानेवारी होती, त्यामुळे फेब्रुवारीत अठराचा झालेला मुलगा जवळजवळ वर्षभर बाहेर राहायचा. हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

फॉर्मवर एकमत झालं. वाद झाला तो कधी भरायचे यावर, आणि हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय ठरला. काका म्हणाले, "या आठवड्यातच." बाकीच्यांचं म्हणणं असं की सुट्टीत निम्मी घरं गावाला गेलीत, मग कॉलेजचे प्रवेश, मग पाऊस, गणपतीत सगळे एकत्र येतात, तेव्हा टेबल मांडू. ६ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या स्थानिक निवडणुका घ्यायला सांगितलं होतं, पण इतकी वर्षं तारखा हुकत आल्या होत्या की घाई कुणाला वाटली नाही. मीही गणपतीच्या बाजूने हात वर केला.

काय केलं

गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. मंडपात मूर्तीच्या डाव्या बाजूला, प्रसादाच्या टेबलाला लागूनच आमचं टेबल. त्या मुलीने आपला लॅपटॉप आणला, काकांनी स्कॅनर. आरती संपली की मुलं प्रसाद घ्यायला यायची आणि तिथेच थांबायची. पाच दिवसांत १६ फॉर्म भरले: १० नवीन नावांचे, ६ पत्ता बदलाचे. बाविसातल्या तिघांना नाव गावीच ठेवायचं होतं. तिघांनी नको म्हटलं, आणि त्यातला एक काय म्हणाला ते मी विसरलेले नाही: "काकू, मी वर्षभरात घर बदलणार. मग परत हेच. मी कुठला, हेच मला माहीत नाही."

चौथ्या दिवशी रात्री एक बावीस वर्षांचा मुलगा आला. डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करतो, तिसऱ्या मजल्यावर आणखी दोघांबरोबर भाड्याने राहतो. वीजबिल घरमालकाच्या नावे, आधारवर जळगावचा पत्ता, आणि भाडेकरार म्हणजे साध्या स्टँपपेपरवर सह्या. फॉर्मला भाडेकरार जोडायचा तर तो नोंदणी केलेला लागतो. त्याने कागद हळूच घडी करून पाकिटात ठेवला आणि म्हणाला, "मालकांना विचारतो." मालकांनी नोंदणीला नकार दिला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९च्या कलम ५५नुसार करार लेखी करून नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. हे मालकांना सांगण्याचं काम कमिटीचं होतं, त्या मुलाचं नव्हतं. कमिटीने ते केलं नाही. घरमालक सभासद होते आणि मुलगा भाडेकरू.

ऑक्टोबरच्या अखेरीला १४ जणांची नावं विधानसभेच्या यादीत चढली. हा मुलगा आणि त्याच्यासारखाच आणखी एक, दोघं अडकले.

त्याच महिन्यात दुसरं प्रकरण उभं राहिलं. निवडणुकीच्या एका इच्छुकाने जिने रंगवून देण्याची आणि आवारात पेव्हर ब्लॉक बसवून देण्याची तयारी दाखवली. कमिटीतल्या ज्येष्ठांचा कल घेण्याकडे होता, आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण चूक वाटत नाही. पाच वर्षं नगरसेवक नाही, एका सहीसाठी विभाग कार्यालयात चार चकरा, सोसायटीच्या खात्यात पैसे नाहीत. कुणी रंग देतोय तर नको का म्हणायचं? तरुणांना हे कळलं आणि ग्रुपवर ठिणगी पडली. एकाने लिहिलं, "आम्हाला कर्तव्य शिकवता आणि स्वतः मत रंगाच्या डब्यावर देता?" शब्द कडक होते, पण प्रश्न खोटा नव्हता.

आम्ही विशेष सभा बोलावली. नियमाने सभेत फक्त सभासद बोलतात, आणि सभासद म्हणजे घरमालक, बहुतेक पन्नाशीपुढचे. सचिवांनी, म्हणजे ज्यांचा पेव्हर ब्लॉकला सगळ्यात जास्त पाठिंबा होता त्यांनीच, ठरवलं की भाडेकरू आणि सभासदांच्या मुलांनाही बोलू द्यायचं, मत मात्र सभासदांचं. त्या सभेत वयाचा फरक मला पहिल्यांदा नीट दिसला. ज्येष्ठांसाठी राजकारण म्हणजे ओळख: कोण आपला फोन उचलतो, कोण दहाव्याला येतो. तरुणांसाठी ते प्रश्न: तलाव, खाडीकडची खारफुटी, स्टेशनपासून घरापर्यंत रात्री चालता येईल असा फुटपाथ. एका बाजूला माणूस ओळखीचा, पण त्याच्याकडे काय मागायचं हे ठरलेलं नाही. दुसऱ्या बाजूला काय मागायचं ते पक्कं, पण कुणाकडे, हे ठाऊक नाही. रंग नको, असा ठराव थोड्या मतांच्या फरकाने झाला.

नोव्हेंबरमध्ये प्रभागनिहाय प्रारूप यादी आली आणि गणपतीचा निर्णय अंगावर आला. महापालिकेसाठी वेगळी यादी तयार होत नाही. विधानसभेची यादी प्रभागांत फोडतात, आणि यावेळी १ जुलै २०२५ची यादी धरली होती. आमची १४ नावं ऑक्टोबरमधली. हरकतीच्या मुदतीत चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव दुरुस्त होतं, पण १ जुलैनंतरचं नाव नव्याने येत नाही. आम्ही सहा हरकती दिल्या. पाच नावं शेजारच्या प्रभागात गेली होती, चार ज्येष्ठांची आणि एका मुलाची. एक नाव सुटलंच होतं. सहाही दुरुस्त झाली.

एक काम मात्र मनासारखं झालं. २०१५मध्ये नवी मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडायचा होता. २०२६साठी १११ जागांचे २८ प्रभाग झाले, सत्तावीस प्रभाग चार सदस्यांचे आणि एक तिघांचा. आमच्या प्रभागात प्रत्येकाने अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची. ज्येष्ठ गोंधळले. "चारही एकाच चिन्हाला द्यायची का?" "तीनच दिली तर बाद होतं का?" मुलीने बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चार पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीवर बटणं म्हणून शर्टाच्या गुंड्या शिवल्या आणि संध्याकाळी बाकावर घेऊन बसली. काठीवाले आजोबा एकेक गुंडी दाबत गेले. तिसऱ्या पट्टीपाशी थांबले: "यातला कुणीच नको असला तर?" तिने शेवटची गुंडी दाखवली, नोटा. "पण काहीतरी दाबायचंच आजोबा. चारही झाल्याशिवाय शेवटचा आवाज येत नाही." नोव्हेंबर २०२४ला बाकावरचं ते वाक्य बोलले होते ते हेच आजोबा.

काय झालं

१५ जानेवारी २०२६, गुरुवार. आदल्या दिवशी संक्रांत होती. साडेसातला मतदान सुरू झालं तेव्हा आजोबा शाळेच्या फाटकात होते. त्या मुलीचं नाव १ जुलैच्या यादीनुसार अजून घाटकोपरलाच, आणि मुंबईचंही मतदान त्याच दिवशी. ती नेरूळहून लोकल पकडून घाटकोपरला जाऊन मत देऊन आली. ज्या प्रभागात ती पाच वर्षं राहत नाही, तिथल्या उमेदवारासाठी. ज्या तलावासाठी ती उभी राहिली, त्या नेरूळमध्ये तिला मत नव्हतं. पत्ता बदललेला आणखी एकजण पनवेलला जाऊन आला. त्या चौदांतल्या बाकी बाराजणांना कुठेच मत देता आलं नाही.

यादीत असलेल्या आणि इथे राहणाऱ्या १७ तरुणांपैकी १५ जणांनी मत दिलं. विधानसभेला हेच ११ होते. साठीपुढच्यांत मधल्या काळात दोघं वारले. चाळीसपैकी ३७ जण गेले. जळगावचा मुलगा रात्रपाळीहून परतला तेव्हा खाली तिळगूळ वाटत होतो. त्याने घेतला, आमच्या बोटांकडे पाहिलं आणि वर गेला. मला त्याच्याशी काही बोलता आलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मे महिन्यात काकांचं ऐकायला हवं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात फॉर्म गेले असते तर १ जुलैच्या आत निदान काही नावं चढली असती. १ जुलैची यादी धरतील हे तेव्हा जाहीर झालं नव्हतं, हे खरं. पण कुठलीतरी जुनी यादी गोठवूनच निवडणूक होते, हे विचारलं असतं तर कळलं असतं. आम्ही विचारलं नाही, कारण आमच्या डोक्यात अजूनही प्रश्न मन वळवण्याचा होता आणि मन गणपतीत वळतं.

भाडेकराराच्या नोंदणीचा मुद्दा सचिवांनी आणि मी घरमालकांपुढे लेखी मांडायला हवा होता. आता मांडला आहे. सोसायटी नव्या भाडेकरूकडून पोलीस पडताळणीचे कागद घेते, त्याच वेळी नोंदणीकृत कराराची प्रत मागायची आणि नमुना ८ हातात द्यायचा, असा ठराव फेब्रुवारीत झाला. घर सोडून जाणाऱ्यालाही तोच फॉर्म. लग्न होऊन गेलेल्या मुलींची आणि वारलेल्यांची नावं काढण्यासाठी घरच्यांशी बोलणं काकांनी अंगावर घेतलं आहे. हे काम नाजूक आहे. एका काकूंनी त्यांच्या यजमानांचं नाव काढायला अजून होकार दिलेला नाही, आणि आम्ही पुन्हा विचारलेलं नाही.

ज्यांनी नकोच म्हटलं त्या तिघांसाठी मला अजून काही सुचलेलं नाही. 'मी कुठला' या प्रश्नाला फॉर्मात रकाना नाही.

जळगावच्या मुलाच्या मालकांनी मार्चमध्ये करार नोंदवला. त्याचा नमुना ६ त्याच रात्री, पाळीवर जाण्याआधी, गेटाजवळच्या बाकावर बसून आजोबांच्या टॉर्चच्या उजेडात भरला.